वरून प्यायलेलं पाणी

रुपरावांनी ग्लास उचलला, मान मागे टाकली आणि ओठांपासून चांगला वीतभर उंच धरून पाण्याची धार सरळ घशात सोडली. एक थेंबही सदऱ्यावर सांडला नाही. रिकामा ग्लास त्यांनी टेबलावर ठेवला तेव्हा त्याच्या कडेला ओठ शिवलेलासुद्धा नव्हता. समोर बसलेल्या देवाजींच्या हातातला पापड हातातच राहिला.

तो ग्लास देवाजींनी स्वतः भरून दिला होता. वेटर जग घेऊन उभा होता, पण आज आपण यजमान आहोत, पाहुण्याला पाणी आपल्या हाताने दिलं पाहिजे, म्हणून त्यांनी वेटरच्या हातून जग काढून घेतला होता.

नागपुरात सदरमधल्या एका एसी हॉटेलात रविवारच्या दुपारी ही मंडळी जमली होती. टेबलाच्या एका बाजूला देवाजी, त्यांची बायको तुळसाबाई आणि मुलगी दीक्षा. दुसऱ्या बाजूला पारशिवनीकडचे शेतकरी रुपराव, त्यांची बायको जिजाबाई आणि मुलगा अमोल. दीक्षा आणि अमोल बुटीबोरीच्या एकाच कापड कारखान्यात होते, ती प्रयोगशाळेत आणि तो मेंटेनन्सला. दोघांनी लग्नाचं ठरवून तीन वर्षं झाली होती. घरच्यांना कळून सहा महिने झाले होते, आणि सहा महिने फोनवर तासून-घासून झाल्यावर आज चौघेही आईबाप पहिल्यांदा समोरासमोर बसले होते. आधी कोणाच्याच घरी नको, बाहेर भेटू, हे दीक्षानेच सुचवलं होतं. घरी भेटलं की माणसांच्या आधी भिंतीवरचे फोटो बोलायला लागतात, हे तिला ठाऊक होतं.

आणि खरं सांगायचं तर सगळं छान चाललं होतं. रुपराव मिरचीच्या भावाबद्दल मनापासून तक्रार करत होते. जिजाबाई आणि तुळसाबाई या दोघी पनीरला नावं ठेवण्यात एक झाल्या होत्या, आणि दोन विहिणींची मैत्री जमायला तेवढं पुरतं. अमोल तर इतका घाबरलेला होता की वेटरलाही 'हाव काका' म्हणत होता. मग रुपरावांना तहान लागली.

देवाजी आरडाओरडा करणाऱ्यांतले नव्हते. चारचौघांत जेवताना आवाज चढवायचा नाही हा त्यांचा नियम, आणि बाहेर खाण्यापिण्याचे नियम त्यांच्याकडे ढीगभर होते. उभ्याने खायचं नाही हा त्यातला एक. आता नागपुरात राहून उभ्याने खायचं नाही म्हणजे तर्रीपोह्यांचं नावच टाकायचं. पण देवाजींनी पोहेही सोडले नाहीत आणि नियमही सोडला नाही. इंदोऱ्याच्या पोहेवाल्याला त्यांनी पहिल्याच दिवशी ठणकावलं, "मी बसून खाईन. बसाची सोय नसन तर सांग, दुसरीकडं जातो." पोहेवाल्याने आठ दिवसांत प्लास्टिकचा स्टूल आणला, आणि आता दुसरं कोणी त्यावर टेकलं तर तोच "बाबूजी येऊन राहिले" म्हणून उठवतो. लग्नात बुफे असला की देवाजी ताट घेऊन आधी खुर्ची शोधत. भात थंड होवो, वरणावर साय धरो, खुर्ची मिळाल्याशिवाय घास तोंडात जात नसे.

पण या सगळ्या नियमांचा बाप एकच होता. पाणी प्यायचं ते ग्लासाला तोंड लावून प्यायचं, कोणासमोरही.

त्यांनी आता जग ओढला, स्वतःचा ग्लास भरला, दोन्ही ओठ कडेला नीट टेकवले आणि रुपरावांकडे पाहत सावकाश, घोट घोट करत अख्खा ग्लास रिकामा केला. रुपराव पोळीचा तुकडा मोडण्यात गुंतले होते. दीक्षाने मात्र ते पाहिलं.

बडीशेप आली तेव्हा जिजाबाई मोकळ्या मनाने म्हणाल्या, "मंग पुढच्या रविवारी आमच्या घरी या. सारेच या जेवाले."

"पाहू," देवाजी म्हणाले.

त्यानंतर अमोलच्या चेहऱ्याकडे कोणाला बघवलं नाही.

दीक्षाने नारी रोडवरच्या घरी पोचेपर्यंत धीर धरला. दार लावलं, पर्स खुर्चीवर टाकली आणि वळली.

"बाबा, 'पाहू' काहून म्हटलं तुम्ही?"

"तू पाहिलं नाही का? मी भरून देल्ला गिलास. त्यानं तोंड नाही लावलं."

"बाबा, लोकं पेतात वरून. आमच्या कंपनीत अर्धे लोकं वरून पेतात."

"बाटली पेतात. एका बाटलीत धा जण असतात म्हणून वरून पेतात. गिलास तर त्याचा एकट्याचा होता. एकट्याच्या गिलासाले कोण वरून पेते? ज्याले तो विटाळलेला वाटते, तो."

तुळसाबाई पदराने वारा घेत होत्या. त्या म्हणाल्या, "अवो, हाटेलातला गिलास तो. दिवसभर कोणाकोणाचं तोंड लागते त्याले. मलेच किळस येते."

"पण तू पेली ना वं तोंड लावून?"

"तुमच्या धाकानं पेली."

देवाजींनी तो शेरा कानाआड केला. त्यांना वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की ते जास्तच ताठ बसत. अमोल त्यांना मनातून आवडला होता. पण या एका परीक्षेने त्यांना आजवर कधी दगा दिला नव्हता.

कोराडीच्या वीज केंद्राच्या वसाहतीत देवाजी तीस वर्षं फिल्टर हाऊसवर ऑपरेटर होते. तुरटी किती सोडायची, क्लोरीन किती मारायचा, कोणत्या टाकीचा व्हॉल्व्ह कधी खोलायचा, सगळं त्यांच्या हातात. साहेबांच्या बंगल्यापासून शेवटच्या क्वार्टरपर्यंत सकाळचा पहिला घोट देवाजींनी पास केलेला असे, आणि याचा त्यांना रास्त अभिमान होता. त्याच वसाहतीच्या कँटीनमध्ये एक फिटर होता. एकटा असला की ग्लासाला तोंड लावून प्यायचा. देवाजी टेबलाशी येऊन बसले की त्याचीच मान मागे जायची आणि धार वरून पडायची. वर्षभर देवाजींनी हे पाहिलं. मग एक दिवस सगळ्यांसमोर त्याला विचारलं, "नळातून येते ते पाणी माह्याच हातचं आहे गा. ते कसं चालते तुले?" फिटरने दुसऱ्या दिवसापासून टेबल बदललं. तेव्हापासून माणूस ओळखायला देवाजींना त्याची कुंडली लागत नसे, पाण्याचा एक ग्लास पुरे होत असे.

आणि त्याच्याही मागे त्यांचे वडील होते. देवाजींचं मूळ गावही पारशिवनी तालुक्यातलंच. वडिलांनी छप्पन साली नागपुरात येऊन दीक्षा घेतली, देवाजी त्यानंतर तीन वर्षांनी जन्मले. सात-आठ वर्षांचे असताना ते वडिलांबरोबर पारशिवनीच्या बाजाराला गेले होते. उन्हाचे दिवस. एका हॉटेलापाशी वडिलांनी पाणी मागितलं. हॉटेलवाल्याने तांब्या उंच धरला आणि सवयीने म्हणाला, "कर ओंजळ." वडील म्हणाले, "आता आमी ओंजळ करत नाही. गिलासात दे." हॉटेलवाल्याने तांब्या खाली ठेवला. बापलेक तहानेलेच दोन कोस चालत घरी आले. घरी आल्यावर वडिलांनी पितळी ग्लास भरून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "तोंड लावून पे. आजपासून असाच पेजो, कोणाच्याबी समोर." देवाजींच्या घशाला ती तहान अजून आठवत होती.

हे सगळं दीक्षाला पाठ होतं. ती लहानपणापासून ऐकत आली होती आणि तिला आजोबांचा अभिमानही होता. पण ती बापाचीच मुलगी होती.

"बाबा, एक विचारू? तीस वर्षांत सॅम्पल न पाहता कधी व्हॉल्व्ह खोलला का?"

"कधीच नाही."

"अन् बंद केला?"

देवाजी वाकून पायातल्या चपला काढू लागले.

"एका सॅम्पलवर टाकी खराब म्हणत होते का तुम्ही?"

"तीन सॅम्पल घ्या लागतात," देवाजी नाइलाजाने बोलले. "वेगवेगळ्या टायमाले. एखादवेळी शिशीच खराब राहते."

"मंग रुपरावकाकाचं एकच काहून?" दीक्षाने विचारलं. "ऐका बाबा. मी एकोणतीस वर्षांची आहे, कोर्टात जाऊन उद्या लग्न करू शकते. तुम्ही नाही म्हटलं तरी करीन, तुम्हाले माहीत आहे. पण मंग तुम्ही माह्या घरी कधी पाण्याच्या गिलासाले हात लावणार नाही. मले ते नाही पायजे. मले तुम्ही माह्या घरी जेवलेले पायजे."

एवढं बोलून ती आत गेली. तुळसाबाईंनी नवऱ्याकडे फक्त पाहिलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्या फार बोलत नसत, आणि म्हणून त्यांच्या पाहण्याला वजन होतं.

रुपराव बुधवारी मिरची घेऊन कळमन्याच्या बाजारात येतात, हे देवाजींना जेवताना त्यांच्याच तोंडून कळलं होतं. बुधवारी सकाळी नऊला त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, खांद्यावर पांढरा दुपट्टा टाकला आणि "दुसरं सॅम्पल घेऊन येतो" असं कोणालाही न सांगता घराबाहेर पडले.

फेब्रुवारीतला कळमन्याचा मिरचीचा यार्ड ज्याने पाहिला नाही त्याला ठसका म्हणजे काय हे कळायचं आहे. जिकडे पाहावं तिकडे लाल ढीग, पोत्यांच्या थप्प्या, आणि हवेत मिरचीची अशी बारीक धूळ की डोळे उघडे ठेवणं हीच मर्दुमकी. सगळे दुपट्ट्याने तोंड बांधून बोलत होते, शिंकत होते, बोली लावत होते. त्या गर्दीत रुपराव शोधायला अर्धा तास गेला. शेडच्या टोकाला त्यांचा ढीग होता. बोलीची पाळी यायला वेळ होता, म्हणून ते त्यांच्या गावच्या दोघा शेतकऱ्यांबरोबर पोत्यांवर बसले होते. जवळ पाण्याची कॅन, तिला ओलं गोणपाट गुंडाळलेलं. बाजूला जेवणाचा डबा आणि त्यावर पालथा घातलेला स्टीलचा एक ग्लास.

देवाजी दुसऱ्याच्या थप्पीआड उभे राहिले. सदुसष्टाव्या वर्षी आपण पोत्यांच्या मागे लपून एका माणसाला पाणी पिताना पाहणार आहोत, याची त्यांना लाज वाटली. पण सॅम्पल घ्यायचं तर टाकीला आधी कळवून चालत नाही.

फार थांबावं लागलं नाही. रुपरावांनी तोंडावरचा दुपट्टा सोडला, कॅन तिरपी करून ग्लास भरला. स्वतःच्या घरचा ग्लास, स्वतःच्या घरचं पाणी, आजूबाजूला स्वतःच्याच गावची, नात्यागोत्याची माणसं. मान मागे गेली. ग्लास वीतभर वर चढला. धार सरळ घशात.

देवाजी पाहतच राहिले. यात तर कोणाचाच विटाळ नव्हता. हा माणूस स्वतःच्याही ग्लासाला तोंड लावत नव्हता. तीन दिवस छातीवर बसलेलं ओझं त्यांना एकदम हललेलं जाणवलं, आणि त्या आनंदात त्यांनी एक मोठा श्वास घेतला. मिरचीच्या यार्डात मोठा श्वास घ्यायचा नसतो.

असा ठसका लागला की थप्पीचा आधार घेऊन ते वाकलेच. डोळ्यांतून, नाकातून पाणी. तीन-चार माणसं धावली. त्यांत सर्वांत पुढे रुपराव.

"अरे! देवाजीभाऊ! तुमी इथं? बसा, बसा आधी. बोलू नका. पाणी घ्या."

देवाजींना पोत्यावर बसवून रुपरावांनी आपला तोच ग्लास भरून हातात दिला. देवाजींनी ओठ लावले. अर्धा ग्लास पोटात गेला तेव्हा त्यांना जग पुन्हा दिसू लागलं. गावचे दोघे शेतकरी बोलीची चौकशी करायला निघून गेले आणि दोघेच उरले.

"मिरचीत कायले आले भाऊ? नवा माणूस टिकत नाही इथं. काही काम होतं?"

खोटं बोलणं देवाजींना जमत नसे, आणि ते शिकायची त्यांची इच्छाही नव्हती. "तुमाले पाहाले आलो. लपून. त्या थप्पीमांगून."

"मले? काहून?"

"तुमी पाणी कसं पेता ते पाहाले."

रुपरावांनी दुपट्टा काढला, चेहरा पुसला, आणि पुसलेला चेहराच पुन्हा पुसला.

"मले वाटलंच," ते म्हणाले. "त्या दिवशी हाटेलात मले काहीच समजलं नाही. तुमी 'पाहू' म्हटलं, मले वाटलं जेवणात काही कमी पडलं. मोटरीत जिजाबाईनं विचारलं, त्यायनं हातानं भरून देल्लं अन् तुमी वरून काहून पेले? म्या म्हटलं, मी तर सदा वरूनच पेतो. ती म्हणे, हे मले माईत आहे, त्यायले कसं माईत असन?"

"सदा? घरीबी?"

"घरीबी. आमच्या लहानपणी रांजणापाशी एकच गिलास राहे, साऱ्या घराचा. तोंड लावलं का मायचा धपाटा पाठीत. तोंड लावाची सवयच नाही लागली. आता सोमवारपासून शिकून राहिलो."

"काय शिकून राहिले?"

"तोंड लावून प्याले. नाकात जाते भाऊ पाणी! काल सुनबाईच्या… दीक्षाच्या फोटोसमोर बसून पेलो, का एखादवेळी जमन म्हणून. अर्धा सदरा भिजला. जिजाबाई हसून हसून बेजार."

देवाजींना हसू फुटलं. ते आवरायचा प्रयत्न करताना पुन्हा ठसका लागला आणि उरलेल्या पाण्यातला आणखी एक घोट घ्यावा लागला. गोष्ट इथेच मिटली असती. रुपरावांनी इथेच डबा उघडला असता तर त्यांना कोणी नाव ठेवलं नसतं. पण ते डब्याच्या झाकणावर हात ठेवून बसून राहिले.

"अजून एक आहे," ते म्हणाले. "माह्याच तोंडून ऐका, नाही तर कोणी दुसरं सांगन. आमच्या ओसरीत एक कोनाडा आहे. त्यात एक कप राहे, बिनदांड्याचा. तुमच्या मोहल्ल्यातले लोकं वावरात कामाले येत, त्यायच्यासाठी. माय वरून चहा ओते. पेऊन झालं का त्यायनंच तो धुवावा अन् पुन्हा तिथंच ठेवावा. मले गिलासाले तोंड लावू नको म्हणे तीच माय. म्या हे रोज पाहिलं. अन् खरं सांगतो, मले त्यात तवा काही वावगं नाही वाटलं."

देवाजींनी विचारलं, "कधीलोक होता तो कप?"

"माय ब्याण्णव साली गेली. तवालोक."

"अन् मंग तुमी फेकला."

"हाव… नाही. खोटं कायले बोलू? जिजाबाईनं फेकला. मले तर तो कप दिसतच नव्हता. रोज समोर राहे, पण दिसे नाही."

देवाजींच्या कानशिलांत रक्त तापलं. पारशिवनीपासून दोन कोसांवरचं त्यांचं स्वतःचं गाव. अशीच ओसरी, असाच कोनाडा. त्यांना वाटलं, उठावं, ग्लास याच्या डब्यावर आपटावा आणि चालू पडावं. वडील असते तर उठले असते. पण वडिलांना कोणीही, कधीही असं समोर बसून सांगितलं नव्हतं. ही गोष्ट लपवून रुपरावांचा सगळा फायदा होता आणि सांगून सगळा तोटा. मुलगा याचाही होता, आणि त्याचं लग्न या एका वाक्यावर अडू शकत होतं.

"माह्या बापानं छप्पननंतर तसा कप हातात नाही घेतला," देवाजी शांतपणे म्हणाले. "तहानेला राहिला, पण नाही घेतला."

"होते तसे. आमच्या गावातबी होते," रुपराव मान खाली घालून बोलले. "मायच्या चहाले नाही म्हणत अन् उन्हात उभे राहत. माय चिडे. मले वाटे, लयच गर्व आहे यायले."

"गर्वच होता," देवाजी म्हणाले. "लय महागाचा होता."

रुपरावांनी माफीबिफी मागितली नाही. देवाजींना ते बरं वाटलं. माफीचे शब्द आले असते तर त्यांचं काय करायचं हा प्रश्नच पडला असता. त्या मेलेल्या बाईच्या वतीने कोणी काय बोलावं, आणि वडिलांच्या वतीने त्यांनी तरी काय कबूल करावं?

रुपरावांनी डबा उघडला. ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी, आणि मिरचीच्या ढिगापाशी बसून खायला वर पुन्हा मिरचीचा ठेचा. एक भाकरी मोडून, अर्ध्या भागावर भाजी घालून त्यांनी देवाजींच्या हातात दिली. देवाजी पोत्यावर नीट सरसावून बसले आणि त्यांनी घास घेतला. भाजी फर्मास होती. दोघे जेवत राहिले.

ठेच्याने रुपरावांचं कपाळ घामाने डबडबलं. त्यांनी हात लांब केला आणि दोघांच्या मध्ये ठेवलेला ग्लास उचलला. त्यात देवाजींनी उरवलेलं दोन-तीन घोट पाणी होतं, आणि कडेला देवाजींच्या ओठांची ओल अजून तशीच होती. देवाजींचा घास थांबला. रुपरावांनी ते पाणी ओतून दिलं नाही, ग्लास विसळला नाही, सदऱ्याच्या टोकाने पुसलाही नाही. मान मागे टाकली, ग्लास वीतभर वर धरला आणि देवाजींचं उष्टं पाणी आपल्या पद्धतीने, एक थेंब न सांडता, पिऊन टाकलं.

"तो माहा होता," देवाजी म्हणाले.

"माईत आहे," रुपराव घसा साफ करत म्हणाले. "गिलास एकच आहे."

देवाजींनी उरलेली भाकरी संपवली. बोटं दुपट्ट्याच्या कडेला पुसली. त्यांचा आवाज आता फिल्टर हाऊसवर पाळी संपताना असायचा तसा मोकळा झाला होता.

"रविवारी आमी किती जण आलो तर चालन?"

रुपराव बघतच राहिले. मग त्यांचा चेहरा असा काही उजळला की शेजारच्या ढिगावरचा माणूसही वळून पाहू लागला. "पन्नास या! मांडवच टाकतो!"

"मांडव नको. खुर्च्या टाका. अन् तुमी वरूनच पेत जा. लग्नात सदरा भिजलेला बरा नाही दिसत."

रुपराव हसत सुटले. हसता हसता त्यांनी देवाजींसाठी ग्लास पुन्हा भरायला कॅन उचलली, हलवली, आणि ती रिकामी निघाली.

"संपलं वाटते. बसा तुमी, ठेचा खाल्ला आहे तुमी, पाण्याशिवाय उठू नका. मी नळावरून आणतो."

"बोलीची पाळी येईन ना तुमची."

"येऊ द्या," म्हणत रुपराव कॅन घेऊन निघालेसुद्धा. नळ यार्डाच्या पार दुसऱ्या टोकाला होता. रुपरावांची पांढरी टोपी गर्दीत पुढे पुढे जाताना देवाजी बघत राहिले. आज वडील पाहिजे होते, असं त्यांना फार वाटलं. डोळे भरून आले, आणि ते त्यांनी मिरचीवर ढकललं नाही.

तेवढ्यात दोन माणसं बरोबर घेऊन एक व्यापारी ढिगाशी आला. मूठभर मिरच्या उचलून त्याने वास घेतला, एक मोडून बी पाहिलं, आणि पोत्यावर ऐटीत बसलेल्या, इस्त्रीचा शर्ट घातलेल्या म्हाताऱ्याकडे वळून घाईघाईने विचारलं, "काका, ये माल आपका है क्या? मालिक कहाँ है?"

"मालक माह्यासाठी पाणी आणाले गेले," देवाजी म्हणाले. "थांबा जरा. येतात."